स्थानभ्रंश (स्फटिकविज्ञान)

स्फटिकरूप घन पदार्थातील अणूंच्या नियमित मांडणीत एखाद्या रेषेच्या अनुरोधाने जो बिघाड आढळतो, त्यास स्थानभ्रंश किंवा डिस्लोकेशन असे म्हणतात. स्फटिकदोषांच्या वर्गीकरणात तो रेषीय दोष ठरतो. तांब्याची तार ओढता येते, पत्रा ठोकून भांडे घडवता येते, खिळा वाकतो पण काचेसारखा फुटत नाही. या नित्याच्या अनुभवांच्या मुळाशी स्थानभ्रंशांची हालचाल असते. ‘दोष’ या शब्दामुळे तो पदार्थातील एक उणीव आहे असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात धातूंची घडणसुलभता आणि त्यांची बळकटी हे दोन्ही गुण या दोषांवरच अवलंबून असतात. स्थानभ्रंशाची कल्पना १९३४ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली. धातूंत स्थानभ्रंश प्रत्यक्ष हलताना दिसले ते मात्र १९५६ मध्ये.

स्फटिक आणि त्यांतील दोष

मीठ, साखर, हिरा, बर्फ आणि जवळजवळ सर्व धातू हे स्फटिकरूप असतात. त्यांतील अणू, आयन किंवा रेणू ठरावीक अंतराने तिन्ही दिशांना पुनःपुन्हा येतात. या मांडणीला जालक असे नाव आहे. धातूचा नेहमीचा तुकडा हा एकच मोठा स्फटिक नसतो. तो वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या असंख्य लहान स्फटिकांचा, म्हणजेच कणांचा, समूह असतो.

संपूर्ण निर्दोष स्फटिक ही एक आदर्श कल्पना आहे. खऱ्या स्फटिकात आढळणारे दोष त्यांच्या विस्तारानुसार पुढीलप्रमाणे ओळखले जातात.

बिंदुदोष हे एखाद्या अणूच्या जागेपुरते मर्यादित असतात. जालकातील एखादी जागा रिकामी राहणे, एखादा अणू दोन जागांच्या मधल्या पोकळीत अडकणे किंवा मूळ अणूच्या जागी परका अणू बसणे हे त्यांचे मुख्य प्रकार आहेत. यांपैकी रिक्त जागा टाळताच येत नाहीत. तापमान वाढते तशी त्यांची संख्या झपाट्याने वाढते. तांब्याच्या वितळबिंदूजवळ साधारणपणे दर दहा हजार अणूंमागे एक, या कोटीतील जागा रिकाम्या असतात. घन पदार्थात अणूंचे विसरण प्रामुख्याने अशा रिक्त जागांमधूनच होते. परक्या अणूंचे महत्त्वही मोठे आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या रंगहीन स्फटिकात थोडे क्रोमियम आले की त्याचे माणिक होते. सिलिकॉनमध्ये अत्यल्प फॉस्फरस किंवा बोरॉन मिसळल्याने त्याची विद्युतवाहकता हवी तशी बदलता येते आणि त्यावरच ट्रान्झिस्टरचे तंत्रज्ञान उभे आहे.

रेषीय दोष म्हणजेच स्थानभ्रंश. पृष्ठीय दोषांत दोन कणांमधील कणसीमेचा समावेश होतो. पदार्थातील सूक्ष्म पोकळ्या व अन्य द्रव्यांचे बारीक कण हे त्रिमितीय दोष होत.

सैद्धांतिक बळकटीचे कोडे

धातूचा आकार कायमचा बदलतो तेव्हा त्यातील अणूंची प्रतले एकमेकांवरून घसरतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच लक्षात आले होते. जेम्स युइंग आणि वॉल्टर रोझेनहाइन यांनी १९०० च्या सुमारास धातूंचे गुळगुळीत केलेले पृष्ठभाग ताण देऊन सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा प्रत्येक कणावर समांतर बारीक रेषा उमटलेल्या त्यांना आढळल्या. त्या रेषा म्हणजे घसरलेल्या प्रतलांच्या पायऱ्या होत्या.

प्रतले घसरण्यास किती बल लागावे, याचा हिशेब रशियन भौतिकीविज्ञ याकोव फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये मांडला. एकावर एक ठेवलेले दोन पन्हळी पत्रे डोळ्यांसमोर आणल्यास त्यांचा विचार समजणे सोपे जाते. वरच्या पत्र्याचे उंचवटे खालच्या पत्र्याच्या उंचवट्यांवर नेमके बसलेले असतात. वरचा पत्रा पन्हळींना आडवा सरकवायचा तर त्याची प्रत्येक पन्हळ खालच्या उंचवट्यावरून एकाच वेळी चढवावी लागते. अणूंच्या प्रतलांचेही तसेच असेल, असे मानून फ्रेंकेल यांनी आवश्यक प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल, काढले. ते पदार्थाच्या दृढता मापांकाच्या सुमारे एक-षष्ठांश येते. तांब्याच्या बाबतीत याचा अर्थ सुमारे ७ ते ८ गिगापास्कल असा होतो.

प्रत्यक्षात मात्र शुद्ध तांब्याचा एकसंध स्फटिक १ मेगापास्कलच्या आसपासच्या प्रतिबलानेच घसरू लागतो. गणित आणि प्रयोग यांत हजारो पटींची तफावत होती. अणूंमधील बलांचा अधिक बारकाईने विचार करून पुढे ही सैद्धांतिक मर्यादा काहीशी खाली आणण्यात आली, तरी दरी बुजली नाही. दुसरेही एक कोडे होतेच. सहज वाकणारा हाच धातू वाकवत गेल्यास अधिकाधिक कठीण का होतो, याचे समाधानकारक उत्तर नव्हते.

१९३४ मधील उत्तर

विटो व्होल्टेरा या इटालियन गणितज्ञाने १९०७ मध्ये स्थितिस्थापक वस्तू कापून, तिचे भाग सरकवून पुन्हा जोडल्यास तिच्यात कोणते ताण राहतात, याचे गणित केले होते. त्या वेळी त्याचा स्फटिकांशी काही संबंध जोडला गेला नव्हता. तो संबंध १९३४ मध्ये जुळून आला. केंब्रिज येथील जी. आय. टेलर आणि मूळचे हंगेरीचे एगॉन ओरोवान व मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाचे निबंध प्रसिद्ध केले. ओरोवान व पोलान्यी यांचे निबंध तर एकाच जर्मन नियतकालिकाच्या एकाच खंडात छापले गेले.

त्यांचे म्हणणे असे होते की, संपूर्ण प्रतल एकदम घसरतच नाही. घसरण एका ठिकाणी सुरू होते आणि पुढे पुढे पसरत जाते. प्रतलाचा काही भाग घसरलेला व उरलेला अद्याप न घसरलेला, अशी स्थिती कोणत्याही क्षणी असते. या दोन भागांमधील सीमारेषा म्हणजेच स्थानभ्रंश. ही रेषा एक पाऊल पुढे सरकण्यासाठी तिच्या लगतच्या अणूंनाच किंचित हलावे लागते. तेथील बंध तुटतात आणि शेजारच्या अणूंशी नवे जुळतात. रेषा स्फटिकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली की वरचा संपूर्ण भाग एका अणूच्या अंतराइतका सरकलेला असतो.

यासाठी जाजमाचे उदाहरण देण्याची पद्धत आहे. सभागृहात अंथरलेले मोठे जाजम एका टोकाला धरून ओढल्यास हलत नाही. त्याऐवजी एका कडेला एक सुरकुती उभी केली आणि ती हाताने ढकलत दुसऱ्या कडेपर्यंत नेली, तर जाजम सुरकुतीच्या रुंदीनुसार थोडेसे पुढे येते आणि श्रमही फारसे पडत नाहीत. स्फटिकात ही सुरकुतीची भूमिका स्थानभ्रंश बजावतो.

या कल्पनेने दोन्ही कोड्यांची उकल झाली. धातू कमी बलाने वाकतो, कारण त्यात आधीपासूनच स्थानभ्रंश असतात व ते सहज सरकतात. वाकवत गेल्यास तो कठीण होतो, कारण स्थानभ्रंशांची संख्या वाढते आणि ते एकमेकांची वाट अडवतात.

प्रकार

टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी वर्णन केलेल्या प्रकाराला कडेचा स्थानभ्रंश म्हणता येईल. वहीच्या मधोमध एखादे पान अर्धेच घातले, तर त्या पानाची कडा जेथे संपते तेथे बाजूची पाने किंचित वाकून एकमेकांजवळ येतात. त्याचप्रमाणे स्फटिकात अणूंचे एक जादा प्रतल वरून आत येऊन मध्येच संपते. त्याच्या खालच्या कडेची रेषा हा स्थानभ्रंश होय. कडेच्या वरच्या बाजूस अणू दाटीने दाबले गेलेले असतात, तर खालच्या बाजूस ते ताणलेले असतात.

दुसऱ्या प्रकाराचे वर्णन डच शास्त्रज्ञ यान बर्गर्स यांनी १९३९ मध्ये केले. त्यास मळसूत्री स्थानभ्रंश म्हणतात. स्फटिकाला एका बाजूने अर्ध्यापर्यंत चीर देऊन चिरेच्या दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत चिरेच्या टोकाच्या रेषेला समांतर अशा सरकवल्या, तर त्या रेषेभोवती अणूंची प्रतले स्वतंत्र थरांच्या रूपात राहत नाहीत. ती सर्व मिळून गोल जिन्यासारखा एकच सलग चढ तयार होतो. रेषेभोवती एक फेरी मारली की माणूस एक मजला वर पोहोचतो, तसे अणूंच्या थरांचे होते.

स्थानभ्रंशाचे मापही बर्गर्स यांच्या नावाने ओळखले जाते. निर्दोष जालकात एका अणूपासून निघून उजवीकडे, खाली, डावीकडे आणि वर अशी समान पावले टाकली तर मूळ जागी परत येता येते. तीच फेरी स्थानभ्रंशाला वळसा घालून केल्यास शेवटी काही अंतर अपुरे राहते. हे अंतर व त्याची दिशा मिळून बर्गर्स सदिश होतो. तांब्यात त्याची लांबी सुमारे ०.२५६ नॅनोमीटर असते. कडेच्या स्थानभ्रंशात हा सदिश स्थानभ्रंशरेषेला लंब असतो, तर मळसूत्री स्थानभ्रंशात तो तिला समांतर असतो. खऱ्या स्फटिकातील बहुतेक स्थानभ्रंश वक्र असून त्यांत दोन्ही प्रकारांचे मिश्रण आढळते. स्थानभ्रंशरेषा स्फटिकाच्या आत मध्येच संपू शकत नाही. ती एक तर पृष्ठभागापर्यंत किंवा कणसीमेपर्यंत जाते, दुसऱ्या स्थानभ्रंशाला मिळते, किंवा स्वतःभोवती वळून बंद कडे तयार करते.

धातूंचे कठीण होणे आणि मऊ होणे

तांब्याची जाड तार हाताने वाकवल्यास पहिल्यांदा सहज वाकते. तीच पुन्हा त्याच ठिकाणी सरळ करू पाहता अधिक जोर लागतो आणि काही वेळा वाकवल्यावर ती तुटते. या घटनेचे स्पष्टीकरण स्थानभ्रंशांच्या संख्येत आहे. चार्ल्स फ्रँक व थॉर्नटन रीड यांनी १९५० मध्ये दाखवून दिले की, दोन टोकांना जखडलेला स्थानभ्रंशाचा तुकडा प्रतिबलाखाली धनुष्यासारखा फुगतो, स्वतःभोवती वळून एक पूर्ण कडे बाहेर सोडतो आणि पुन्हा पूर्वस्थितीला येऊन दुसरे कडे तयार करतो. अशा रीतीने एका स्थानभ्रंशातून असंख्य निर्माण होतात.

त्यांची संख्या थक्क करणारी आहे. तापवून मऊ केलेल्या धातूच्या एका चौरस सेंटिमीटर छेदातून साधारणपणे १० लाख ते १० कोटी स्थानभ्रंशरेषा जातात. ठोकून किंवा लाटून खूप कठीण केलेल्या धातूत ही संख्या सुमारे दहा हजार कोटींवर जाते. याचा अर्थ असा की, अशा धातूच्या एका घन सेंटिमीटरमधील सर्व स्थानभ्रंशरेषा एकापुढे एक ठेवल्यास त्यांची लांबी सुमारे १० लाख किलोमीटर भरेल. पृथ्वी व चंद्र यांमधील अंतराच्या ती अडीच पटींहून अधिक आहे. इतक्या गुंत्यात कोणत्याही रेषेला मोकळेपणाने सरकता येत नाही, आणि त्यामुळे धातू ताठ होतो.

कठीण झालेला धातू पुरेसा तापवला की अणूंना हालचालीस वाव मिळतो. बरेचसे स्थानभ्रंश परस्परांत विरून जातात, कमी दोषांचे नवे कण तयार होतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर भांडे घडवताना ठोकून ताठ झालेला तांब्याचा पत्रा पुन्हा भट्टीत तापवून घेतात आणि मग पुढचे ठोककाम करतात. शेवटी हातोडीने एकसारखे ठोके देऊन मठारकाम केले जाते. त्याने भांड्याला सुबक रूप येते आणि पत्र्याला ताठपणाही येतो. स्थानभ्रंशांचे शास्त्र जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून जगभरच्या धातुकारागिरांनी स्थानभ्रंश वाढवण्याची व कमी करण्याची ही विद्या हाताने आत्मसात केलेली होती.

धातू बळकट करण्याच्या अन्य रीतींतही स्थानभ्रंशांची वाट अडवणे हेच सूत्र आढळते.

परके अणू मिसळणे ही त्यांतील एक रीत. लोखंडातील कार्बनचे अणू स्थानभ्रंशाच्या ताणलेल्या बाजूस गोळा होतात व त्याला जागीच जखडून ठेवतात, असे ॲलन कॉट्रेल व ब्रूस बिल्बी यांनी १९४९ मध्ये दाखवले. सौम्य पोलाद ठरावीक मर्यादेपर्यंत टिकून मग एकाएकी ताणले जाते, त्याचे कारण यात आहे.

बारीक कणांचा अडथळा ही दुसरी रीत होय. आल्फ्रेट विल्म या जर्मन धातुविज्ञाला १९०६ मध्ये असे आढळले की, तांबे मिसळलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू तापवून एकदम थंड केल्यावर काही दिवस नुसता ठेवला, तरी आपोआप कठीण होतो. यातून ड्यूराल्युमिन तयार झाले व विमानबांधणीत त्याचा मोठा उपयोग झाला. तांब्याचे अणू स्फटिकात अतिसूक्ष्म पुंजके करून राहतात, हे १९३८ मध्ये आंद्रे गिनिए आणि जॉर्ज प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्वतंत्रपणे दाखवले. स्थानभ्रंशांना हे पुंजके ओलांडणे जड जाते.

कण लहान करणे ही तिसरी रीत. कणसीमेपलीकडे प्रतलांची दिशा बदलत असल्याने स्थानभ्रंश तेथे अडतात. ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये व एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या संबंधानुसार बळकटीतील कणसीमांचा वाटा कणांच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे व्यास एक-चतुर्थांश केल्यास हा वाटा दुप्पट होतो.

याच्या अगदी उलट मार्गही आहे. सी. हेरिंग व जे. के. गॉल्ट यांनी १९५२ मध्ये कथिलाच्या केसासारख्या बारीक स्फटिकांची चाचणी घेतली, तेव्हा ते नेहमीच्या कथिलापेक्षा कितीतरी अधिक ताण सहन करून पुन्हा मूळ आकारास येतात असे दिसले. त्यांत सरकू शकणारे स्थानभ्रंश जवळजवळ नव्हतेच. फ्रेंकेल यांचा हिशेब निर्दोष स्फटिकापुरता बरोबरच होता, हे यावरून स्पष्ट झाले. स्थानभ्रंश मुळीच नसतील तर धातू अतिशय बळकट असतो, थोडे असतील तर मऊ, आणि अतोनात असतील तर पुन्हा बळकट.

सर्वच पदार्थांत स्थानभ्रंश सारख्याच सहजतेने हलत नाहीत. सोने, चांदी, तांबे, ॲल्युमिनियम यांत ते अनेक प्रतलांवरून व अनेक दिशांना सरकू शकतात. सोन्याचा वर्ख इतका पातळ करता येतो तो त्यामुळेच. हिरा किंवा सिलिकॉन यांतील अणूंचे बंध ठरावीक दिशांनाच बांधलेले असल्याने सामान्य तापमानाला स्थानभ्रंश जवळजवळ हलत नाहीत. असा पदार्थ वाकण्याऐवजी तडकतो.

स्फटिकांची वाढ

मळसूत्री स्थानभ्रंशाने आणखी एका प्रश्नाचा उलगडा केला. निर्दोष स्फटिकाचा एक थर पूर्ण झाला की सपाट पृष्ठभागावर पुढच्या थराची सुरुवात होणे कठीण असते, कारण नव्या अणूला टेकण्यास कडाच नसते. त्यासाठी द्रावण किंवा बाष्प खूपच अतिसंपृक्त असावे लागेल, असे गणित सांगत होते. परंतु स्फटिक सुमारे एक टक्का अतिसंपृक्ततेलाही वाढताना आढळत. मळसूत्री स्थानभ्रंश पृष्ठभागावर जेथे येतो तेथे कधीही न संपणारी पायरी असते, अणू तिला येऊन चिकटतात आणि पायरी स्वतःभोवती फिरत सर्पिल आकारात वर चढते, असे फ्रँक यांनी १९४९ मध्ये सुचवले. पुढच्याच वर्षी एल. जे. ग्रिफिन यांनी बेरिल या खनिजावर असे सर्पिल पाहिले.

या संशोधनात भारतीय शास्त्रज्ञ अजित राम वर्मा यांचा महत्त्वाचा वाटा आहे. लंडन येथे संशोधन करीत असताना त्यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकांवरील सर्पिलांची स्पष्ट छायाचित्रे १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. स्फटिकवाढ व स्थानभ्रंश या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये निघाला. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

प्रत्यक्ष दर्शन

स्थानभ्रंशाची कल्पना मांडली गेल्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ ती मुख्यतः तर्काच्या आधारावर उभी होती. लॉरेन्स ब्रॅग आणि जॉन नाय यांनी १९४७ मध्ये साबणाच्या पाण्यावर एकसारखे बारीक बुडबुडे पसरून अणूंच्या थराची प्रतिकृती केली आणि तीत स्थानभ्रंश कसे सरकतात हे दाखवले. परंतु बुडबुडे म्हणजे अणू नव्हेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५३ मध्ये जर्मेनियमच्या पृष्ठभागावर रसायनाची क्रिया केल्यावर कणसीमेच्या अनुरोधाने ओळीने खड्डे पडलेले आढळले. दोन कणांमधील कोनावरून स्थानभ्रंशांत जितके अंतर असावयास हवे होते, तितकेच या खड्ड्यांत होते.

निर्णायक पुरावा १९५६ मध्ये मिळाला. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पीटर हर्श, रॉबर्ट हॉर्न व मायकेल व्हेलन यांनी ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ पापुद्रा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता स्थानभ्रंश काळ्या रेषांच्या रूपात दिसले आणि ते हलतानाही आढळले. त्याच वर्षी वॉल्टर बोलमान यांनी जिनिव्हा येथे पोलादातील स्थानभ्रंशांची छायाचित्रे घेतली. संशयाला त्यानंतर जागा उरली नाही.

दोष अपायकारक ठरतात तेव्हा

सर्वच ठिकाणी दोष इष्ट नसतात. इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी लागणाऱ्या सिलिकॉनमध्ये स्थानभ्रंश विद्युतप्रवाहात बाधा आणतात. वितळलेल्या सिलिकॉनमधून स्फटिक ओढताना आरंभी त्याची मान बारीक ठेवल्यास स्थानभ्रंश कडेला जाऊन संपतात व पुढचा स्फटिक त्यांपासून मुक्त वाढतो, ही रीत विल्यम डॅश यांनी १९५८–५९ च्या सुमारास विकसित केली. चिपसाठी लागणारे मोठे स्फटिक तिच्या आधारेच तयार होतात. जेट इंजिनातील टर्बाइनची पाती अतिशय तापतात आणि दीर्घकाळ ताणाखाली राहतात. अशा स्थितीत कणसीमांमुळे ती हळूहळू लांबत जाण्याचा धोका असल्याने अनेक पाती एकाच स्फटिकाची ओततात.

अणुभट्टीत दोषांचे वेगळेच संकट उभे राहते. वेगवान न्यूट्रॉन ग्रॅफाइटमधील कार्बनचे अणू जागेवरून उडवतात. रिक्त जागा व अडकलेले अणू यांच्या रूपाने ग्रॅफाइटमध्ये ऊर्जा साठत जाते आणि ती एकदम बाहेर पडल्यास तापमान वेगाने वाढते. ब्रिटनमधील विंडस्केल येथे ही साठलेली ऊर्जा भट्टी तापवून वेळोवेळी मोकळी केली जात असे. ऑक्टोबर १९५७ मध्ये असेच अनुशीतन चालू असता भट्टीला आग लागली आणि किरणोत्सर्गी द्रव्ये बाहेर पसरली. आसपासच्या सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दूध काही काळ विक्रीसाठी निषिद्ध ठरवून ओतून द्यावे लागले.

पूल, रेल्वेचे रूळ, विमानाचे पंख किंवा भट्टीचे पात्र यांचे आयुष्य ठरवताना अभियंत्यांना त्यांतील दोषांचाच हिशेब करावा लागतो. कोणते दोष ठेवावयाचे, किती वाढवावयाचे, कोठे अडवावयाचे आणि कोठून काढून टाकावयाचे, हा आधुनिक धातुविज्ञानाचा एक मुख्य विषय आहे.